फिटरनानांच्या स्प्रिंगा

"मागं कोन बसतं?"

भानुदास फिटरांच्या दुकानात गाडी नेली की पहिला प्रश्न हा. गाडीला काय झालंय, आवाज कुठून येतो, किती किलोमीटर झाले, हे सगळं नंतर. आधी मागे कोण बसतं ते सांगायचं. सांगितल्यावर ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहणार, दोन्ही तळवे सीटवर ठेवणार, डोळे मिटणार आणि सगळा भार टाकून गाडी खाली दाबणार. मग एकदम हात काढून घेणार. गाडी वर येऊन एकदाच डुलली तर मान हलवायची. दोनदा-तीनदा डुलली तर तोंडातून नुसता "च्च" असा आवाज.

संगमनेरच्या दक्षिणेला घाट चढून गेलं की पठार लागतं. घाटाच्या पायथ्याशी आमचं ज्युनिअर कॉलेज आणि कॉलेजच्या फाटकासमोर फिटरनानांचं पत्र्याचं दुकान. मी तिथे फिजिक्स शिकवत असे. नाना मूळचे जामखेडकडचे. ऊसतोडीला आलेल्या आईबापांबरोबर लहानपणी इकडे आले, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाले आणि तिथून सुटल्यावर हे दुकान टाकलं. इतर मेकॅनिक इंजिनात रमतात. नानांचा सगळा जीव धक्के झेलणाऱ्या शॉकअपमध्ये. "विंजन बिघडलं तर गाडी बंद पडती," ते म्हणत. "शॉकअप बिघडला तर गाडी चालूच ऱ्हाती. म्हनून तर भ्या वाटतं."

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. स्पीडब्रेकरवरून गेलं की माझ्या बायकोच्या, सुधाच्या कमरेतून कळ निघायची. मी मोबाईलवर तासन् तास व्हिडिओ बघून गॅसचे शॉकअप मागवले. बाजूला सोनेरी नळकांडं असलेले, रुबाबदार. ते घेऊन ऐटीत नानांकडे गेलो.

"मागं कोन बसतं?"

"बायको. कधीतरी."

"बाईंना घेऊन या."

"अहो, शॉकअप बसवायला बायको कशाला?"

"मग माज्यासाठी बसवायचेत का?"

मला राग आला. फिजिक्सच्या माणसाला स्प्रिंग शिकवणारा हा कोण? पण दुसऱ्या दिवशी सुधाला घेऊन गेलो. नानांनी तिला सीटवर बसवलं, मला पुढे बसवलं आणि गुडघ्यावर बसून शॉकअप किती दबतो ते बोटांनी मोजलं. मग मागच्या चाकाची हवा तपासली. पंक्चरवाल्याने ती दगडासारखी भरून ठेवली होती. नानांनी हवा सोडली, शॉकअपच्या खालच्या बाजूचं वाळून कडक झालेलं रबरी बुश बदललं, स्प्रिंगखालची कडी एक खाच सैल केली आणि म्हणाले, "जाऊन या घाटापर्यंत."

परत आलो तेव्हा सुधा हसत होती. नानांनी माझं सोनेरी नळकांडं पुसून खोक्यात घातलं. "वस्तू चांगली हाय सर. तुमच्या कामाची न्हाई. परत धाडा."

पण म्हणून ते नव्या वस्तूंच्या विरोधात होते असं कोणी समजू नये. अकोले तालुक्याच्या डोंगरात वाड्या-वाड्यांवर लसीची पेटी घेऊन फिरणारी एक नर्सबाई त्यांच्याकडे येत असे. तिच्या गाडीला नानांनी स्वतःहून तसलेच गॅसचे शॉकअप बसवले. रस्ता सगळा दगडाचा, दिवसभर फिरणं, मागे कायम मदतनीस बाई. साधा शॉकअप तासाभरात तापून ढिला पडायचा. "हिला लागतात," ते मला मुद्दाम बोलावून दाखवत म्हणाले. "तुमाला हवे हुते, हिला लागतात. ह्यातला फरक कळला की निम्मं दुकान कळलं."

अशा माणसाच्या हातून ते घडलं, म्हणून ते इतकं लागलं.

पोपट पठारावरचा. वय चाळिशीच्या आतबाहेर, रोज सकाळी मोटारसायकलच्या दोन बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन अडकवून घाट उतरायचा आणि संगमनेरात घरोघर दूध घालायचा. त्याची मुलगी कोमल आमच्याकडे बारावी सायन्सला होती, पुढच्या बाकावरची. पोपटच्या गाडीचे मागचे शॉकअप पार बसले होते. खड्डा आला की मडगार्डावर चाक घासून 'खट' असा आवाज यायचा, कॅनची झाकणं उडायची. तो नानांकडे आला.

"मागं कोन बसतं?"

"कोनी न्हाई नाना. दूध बसतं."

नाना हसले. दोन भरलेल्या कॅनचं वजन त्यांनी धरलं, पुण्याहून जाड तारेच्या कडक स्प्रिंगा मागवल्या आणि एका दुपारी बसवून दिल्या. त्या दिवशी ते फार खुशीत होते. दोन्ही कॅन पाण्याने भरून पोपटला घाटात पाठवलं, तो परत आला तेव्हा कॅनमधलं पाणी ओंजळभरसुद्धा सांडलेलं नव्हतं. "बघा सर," मला म्हणाले, "ही खरी गरज."

पंधरा-वीस दिवसांनी मी फाटकाशी उभा होतो. पोपटची गाडी घाटाकडून आली. दोन बाजूंना दोन कॅन आणि मागच्या सीटवर दोरीने आवळलेला तिसरा. नाना हातातला पाना तसाच घेऊन रस्त्यावर आले आणि त्यांनी त्याच्या हँडलला हात घातला.

"हे काय?"

"काय नाना?"

"तिसरा."

"दोन फेऱ्या मारायला लागायच्या. आता एका फेरीत हुतं." पोपट अगदी मनापासून हसत होता. "तुमचीच करामत! गाडी खाली बसतच न्हाई आता."

"उतर. स्प्रिंगा काढून घेतो."

"अवं, चेष्टा करता का?"

"पोपट, मी ताकद स्प्रिंगेला दिली. ब्रेक तोच हाय. टायर तोच हाय. घाट तोच हाय. मागं एवढं वजन घेतल्यावर पुढचं चाक हलकं पडतं, पुढचा ब्रेक धरत न्हाई. मग सगळं वझं मागच्या ब्रेकवर. उतारावर तो तापला का संपला."

"पंधरा दिस झाले नाना, काय झालंय का?"

"झाल्यावर सांगनार हायेस का?"

पोपटचा चेहरा बदलला. आजूबाजूला पोरं थांबली होती, त्यांच्यासमोर बोलणं त्याला लागलं. "नाना, गाडी माजी हाय," एवढंच म्हणून त्याने हँडलवरचा त्यांचा हात बाजूला केला आणि निघून गेला. त्यानंतर तो दुकानासमोर कधी थांबला नाही. मान वळवूनही बघत नसे.

नाना मात्र रोज बघत. सकाळी साडेसातच्या सुमाराला हातातलं काम खाली ठेवत आणि घाटाच्या दिशेने तोंड करून उभे राहत. तीन कॅनची गाडी समोरून गेली की पुन्हा कामाला लागत. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी तेवढा वेळ पाना हातात घेत नसत. एकदा मी म्हणालो, "नाना, तुम्ही सांगितलंत. तुमचं काम झालं."

"न्हाई झालं," ते म्हणाले. "आधी वजन जास्त झालं का गाडीच सांगायची त्याला. खट करायची. बास म्हनायची. मी तिचं तोंड बंद केलं."

मी वर्षानुवर्षं स्प्रिंगचा नियम फळ्यावर लिहीत होतो. हे मला कधी सुचलं नव्हतं.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस होता. पहिली तुकडी नऊ वाजता, तिच्यात कोमलचं नाव. मी साडेसातलाच आलो होतो. नाना दुकानासमोर उभे. पोपट अजून आला नव्हता. आठ वाजून गेले तरी नाही. नाना आत जायचे, बाहेर यायचे.

एवढ्यात कोमलची मैत्रीण धावत माझ्याकडे आली. "सर, कोमलला थोडा उशीर होईल. एसटी आलीच नाही म्हणे. ती पप्पांबरोबर येतेय."

नाना पाच पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. "दूध घेऊन?"

मैत्रिणीला काय विचारताहेत ते कळेना. "रोज जातात तसेच येणार ना ते," ती म्हणाली.

नानांनी खुंटीवरची किल्ली घेतली. मी सहकाऱ्याला प्रयोगशाळा बघायला सांगितलं आणि त्यांच्या मागे बसलो. का बसलो ते आजही सांगता येणार नाही. बहुधा त्यांचा चेहरा पाहून.

नवा मोठा रस्ता झाल्यापासून जुन्या घाटाने आसपासच्या गावचेच लोक जातात. रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडे, तेही मधूनमधून तुटलेले. वरून येणारी प्रत्येक गाडी दिसली की त्यांचे खांदे ताठ व्हायचे आणि ती जवळ आली की खाली यायचे. एक रिक्षा गेली. एक पिकअप गेली. तिसऱ्या वळणावर पोपट दिसला.

त्याच्या मागे चिकटून कोमल बसली होती, मांडीवर दप्तर. तिच्या पाठीमागे कॅरिअरवर ढकललेला, दोरीने बांधलेला तिसरा कॅन. दोन्ही बाजूंचे कॅन तिच्या गुडघ्यांना लागलेले. मी भान विसरून हात वर केला.

"हात करू नका!" नाना ओरडले. "ब्रेक दाबंल!"

मी हात खाली घेतला. पोपटने आम्हाला पाहिलं आणि नजर पुढे वळवली. तो शेजारून गेला तेव्हा जळक्या रबरासारखा उग्र वास नाकात शिरला. कोमलने मला ओळखलं. "सर!" म्हणाली, आणि हसली.

नानांनी जागेवरच गाडी वळवली. "ब्रेक तापलाय," ते म्हणाले. "दोनच वळनं ऱ्हायलीत. सपाटीला लागू दे. सपाटीला लागू दे त्याला." हे ते मला सांगत नव्हते. अंतर ठेवून, हॉर्न न वाजवता आम्ही त्याच्या मागे उतरत होतो. एक वळण तो नीट गेला. माझ्या मुठीत नानांचा सदरा होता.

शेवटच्या वळणावर खालून उसाची ट्रॉली वर येत होती. अर्ध्याहून जास्त रस्ता तिचा. पोपटच्या मागचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. गाडीचा वेग तसाच. पोपटचे पाय जमिनीवर घासायला लागले. दरीकडे कठडा नव्हता. त्याने हँडल डोंगराकडे मारलं.

गाडी गटारात घुसली आणि आडवी झाली. तिसरा कॅन दोर तोडून कोमलच्या पायावर आला.

सगळा रस्ता दुधाने पांढरा झाला होता. ट्रॉलीचा ड्रायव्हर उडी मारून आला. नाना माझ्या आधी पोचले. साठी ओलांडलेला माणूस, त्यांनी तो कॅन एकट्याने उचलून बाजूला फेकला. कोमल ओरडत नव्हती. नुसती विचारत होती, "सर, पेपर? सर, माझी परीक्षा?"

संगमनेरच्या दवाखान्यात मांडीचं हाड मोडल्याचं निघालं. डोक्याला मार नव्हता. पोपटला खरचटण्यापलीकडे काही नाही. तो बाकावर बसून होता, पायांत एकच चप्पल. दुपारपर्यंत पठारावरून पंधरा-वीस माणसं आली. त्यांत पोपटचा थोरला भाऊ संपत, तापट माणूस. हवालदार वही घेऊन विचारत होता. कोणीतरी गाडीबद्दल बोललं, कोणीतरी जाड स्प्रिंगांबद्दल.

"कुनी बसवल्या असल्या स्प्रिंगा?" संपत मोठ्याने म्हणाला. "कंपनीच्या काढून असलं काय लावायचं कुनी सांगितलं?"

नाना भिंतीशी उभे होते. त्यांच्या धोतराला दूध आणि माती लागून वाळली होती. ते पुढे आले.

"स्प्रिंगा मी बसवल्या."

संपतने त्यांच्या कानशिलात मारली. आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. नानांची टोपी पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत. मी पोपटकडे बघितलं. त्याने मान वर केली, तोंड उघडलं, आणि पुन्हा खाली घातली.

"अहो, ऐका," मी पुढे झालो, "यांनी तर त्याला..."

नानांनी माझं मनगट धरलं. स्प्रिंगा दाबून दाबून घट्ट झालेली पकड ती. हवालदाराने विचारलं, "अजून काही सांगायचंय?" नाना म्हणाले, "न्हाई. लिवा. मी बसवल्या."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. खरं दडवायचा तुम्हाला काय अधिकार, असं काहीबाही बोललो. ते नळावर हातपाय धुत होते.

"खोटं काय बोललो?" त्यांनी विचारलं.

"अर्धंच बोललात."

"दुसरं अर्धं बोललो असतो तर त्या वीस मानसांनी पोपटला तिथंच खाल्ला असता. पोरगी आत ऐकत हुती सर. महिनाभर तिला आंथरुनावर पडून ऱ्हायचंय, त्याच घरात, त्याच बापाच्या हातचं पानी प्यायचंय. तिला बाप राहू द्या."

हवालदाराने पंचनामा केला. पुढे त्यातून काही निघालं नाही. पण पठारावरच्या माणसांनी नानांच्या दुकानात येणं सोडलं. घाट उतरणाऱ्या गाड्या समोरून जायच्या आणि पलीकडच्या फाट्यावरच्या नव्या गॅरेजला थांबायच्या. कोणीतरी दुकानाच्या पत्र्यावर कोळशाने एक घाण शब्द लिहिला. नानांनी तो पुसला नाही. उन्हापावसाने गेला तेव्हा गेला. कडक स्प्रिंगा त्यांनी बसवणं सोडलं नाही, ज्याला लागतात त्याला बसवून देत. फक्त एक नवीन सवय लागली. शॉकअपच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाने बारीक रेघ ओढायची आणि मालकाला खाली बसवून दाखवायची: "वजन घेतल्यावर ही रेघ झाकली, का एक वस्तू उतरवायची. गाडी आता बोलनार न्हाई. तुमी बघायचं." ओळखीचा असो, नवखा असो, प्रत्येकाला वाकून बघायला लावत. काही जण हसत. काही जण तेवढ्यासाठी दुसरीकडे जात.

कोमलच्या पायात सळई घातली. तिने परीक्षा पुढच्या वेळी दिली, प्रात्यक्षिकाला कुबडी टेकवून उभी राहिली. स्प्रिंगचाच प्रयोग तिच्या वाट्याला आला. वजन लावत, मोजत, लिहीत होती. संपल्यावर सगळी मुलं गेली तरी ती थांबली.

"सर, फिटरबाबांनी पप्पांना सांगितलं होतं ना? तिसरा कॅन नको म्हणून?"

मी टेबलावरची वजनं खोक्यात भरायला लागलो.

"मला माहितीय," ती म्हणाली. "पप्पा घरी येऊन त्यांच्यावर चिडले होते तेव्हा मी तिथंच होते. मी कोणाला सांगितलं नाही."

संध्याकाळी मी हे नानांना सांगितलं. ते एका शॉकअपमधलं जुनं तेल डब्यात ओतत होते. धार संपेपर्यंत त्यांनी डबा हलवला नाही.

"पोरीला ठाऊक हुतं?"

"पहिल्यापासून."

"म्हंजी तिनंबी बापाला सांभाळलं." त्यांनी डबा खाली ठेवला. हात पुसायला घेतलेलं फडकं बराच वेळ तसंच हातात होतं. "मला वाटलं मी येकटाच."

दोन वर्षांनी त्यांचे खांदे गेले. हात वर होईनात, सीटवर भार टाकता येईना. जामखेडला दिलेली त्यांची मुलगी म्हणाली, बास झालं, आता माझ्याकडे या. दुकान आवरलं. हत्यारं फाट्यावरच्या त्याच गॅरेजवाल्याला देऊन टाकली. सकाळच्या गाडीने ते निघाले तेव्हा संगमनेरच्या स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेलो. एक पिशवी, एक गुंडाळलेली सतरंजी. खिडकीशी जागा मिळाली. मी पाण्याची बाटली आणायला स्टॉलवर गेलो आणि वळून बघतो तर खिडकीखाली पोपट उभा.

तो कधी आला, त्याला कोणी सांगितलं, माहीत नाही. अपघातानंतर त्याने गाडी चालवणं सोडलं होतं. केस बरेच पिकले होते. इंजिन चालू झालं होतं, कंडक्टर दार लावत होता. पोपटने खिडकीची सळई धरली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"नाना, तुमी तिसऱ्या कॅनला न्हाई म्हनला हुता! मला समद्यांम्होरं सांगायला पायजे हुतं. मी सांगितलं न्हाई!"

आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. मी बाटली घेऊन जागच्या जागी थबकलो.

नाना खिडकीतून वाकले. दुखरा हात कसाबसा वर नेऊन कानाशी धरला आणि मान हलवली.

"ऐकू येत न्हाई रं पोपट," ते म्हणाले. "गाडी चालू हाय."

मी त्या खिडकीपासून चांगली वीस पावलं लांब होतो. मला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

पोपट पुन्हा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात नानांनी कानाजवळचा हात खाली घेतला आणि सळईवरच्या त्याच्या मुठीवर ठेवला. गाडी हलली. पोपट हात न सोडता चार पावलं बरोबर चालला, मग सोडला. वळण घेऊन गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा नाना समोर बघत होते, आणि शेजारच्या प्रवाशाला काहीतरी विचारत होते.